एक कढीपत्ता आमचा, एक अळ्यांचा

आमच्या घरी कढीपत्त्याची दोन झाडं आहेत. एक स्वयंपाकघराच्या दाराशी, ते आमचं. दुसरं परड्यात मागच्या भिंतीलगत, ते फुलपाखरांच्या अळ्यांचं. ही वाटणी माझ्या बायकोनं केली. दाराशी असलेल्या झाडावर अळी दिसली की ती अख्खी डहाळी कात्रीनं कापते आणि हाक मारते, "अहो, हिला न्या की मागं." मी ती डहाळी मागच्या झाडाच्या फांद्यांत अडकवतो. डहाळी सुकायला लागली की अळी आपोआप ताज्या पानावर चालत जाते. श्रावणात मागच्या झाडावर पानांपेक्षा काड्याच जास्त दिसतात, पण पाऊस असेपर्यंत ते पुन्हा पुन्हा फुटत राहतं. दुसरं झाड विकत आणावं लागलं नाही. कढीपत्त्याला मुळांतून फुटवे येतच असतात, त्यातला एक मुळासकट काढून लावला.

मी बेळगावात अनगोळला राहतो. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांना लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवणं हा माझा धंदा. दिवसभर सागवान, पटाशी, सँडपेपर आणि मिलिमीटरचा हिशेब. सकाळी कामावर जायच्या आधी मी परड्यात जातो आणि पानं उलटी करून बघतो. बरीच वर्षं हे चालू आहे. परडं मोठं नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली जेवढी जागा असते तेवढीच, बाकी कुंड्या.

फुलपाखरांसाठी कुठली फुलझाडं लावू, असं मला बरेच जण विचारतात. मी त्यांना आधी पानांबद्दल सांगतो. फुलावर आलेलं फुलपाखरू मध पितं आणि पाच मिनिटांत पुढच्या गल्लीत निघून जातं. ते आपल्या परड्यात जन्मावं असं वाटत असेल, तर त्याच्या अळीला खायला पान हवं, आणि तेही तिच्या जातीचं ठरलेलं पान. झाडं काही फुकट खाऊ देत नाहीत. प्रत्येकाच्या पानात किड्यांना दूर ठेवणारी कसली ना कसली रसायनं असतात, कुणात कडू, कुणात उग्र वासाची, कुणात सरळ विष. पिढ्यान्‌पिढ्या एकेका जातीच्या अळीनं एकेका कुळातल्या झाडांची रसायनं पचवायची सोय करून घेतली आहे. म्हणून लिंबाच्या कुळातली पानं खाणारी अळी रुईवर सोडली तर उपाशी मरेल, पण रुईचं पान तोंडात घेणार नाही. मादीला हे पक्कं ठाऊक असतं. ती पानावर उतरते, पुढच्या पायांनी पान थापटते, पायांनीच त्याची चव घेते. पटलं तर पोट वाकवून एक अंडं चिकटवते, नाही पटलं तर उडते. ऊन तापल्यावर कढीपत्त्यापाशी शांत उभं राहिलं तर हे सगळं डोळ्यांसमोर घडताना दिसतं.

कढीपत्ता, लिंबू आणि बेल यांवर आमच्याकडे दोन जाती येतात, लाइम आणि कॉमन मॉरमॉन. लाइमचं अंडं फिकट पिवळं, मोहरीपेक्षाही लहान, कोवळ्या पानावर एकटंच. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते आणि बऱ्याचदा आधी स्वतःच्या अंड्याचं टरफल खाते. सुरुवातीची अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी आणि मध्ये पांढरा डाग. ओलसर चकाकीसुद्धा तशीच. त्यामुळे नजर तिच्यावरून घसरते. चार वेळा कात टाकून पाचव्या अवस्थेत आली की एकदम हिरवीगार होते. पिसं न फुटलेल्या पिलाएवढी भूक तेव्हा तिला लागते, एका रात्रीत अख्खी डहाळी फस्त. तिला बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दुतोंडी शिंगं बाहेर येतात आणि सडक्या संत्र्यासारखा वास सुटतो. मुंग्या आणि कोळी त्यानं मागं हटतात. गल्लीतली पोरं हे बघायला रोज येतात, पण एका अळीला दिवसातून एकदाच शिंगं काढायला लावायची, असा नियम मी त्यांना घातलाय. तो वास तयार करायलाही तिला काहीतरी खर्च होत असणारच.

कोषाच्या वेळी ती झाडावरून उतरून कुठंही जाते. एकदा माझ्या परड्यातल्या सागवानाच्या तुकड्यांच्या ढिगावर एक कोष झाला, तो लाकडाच्याच रंगाचा, तपकिरी. कढीपत्त्याच्या हिरव्या काडीवर झालेले कोष हिरवे होते. एकाच जातीची अळी, पण जागा बघून कोषाचा रंग ठरतो. कमरेभोवती रेशमाचा एक धागा असतो, त्यावर सगळा भार तोललेला. दिवसभर हातानं आकार घडवणाऱ्या माणसाला त्या धाग्याचा ताण बघून फार समाधान वाटतं. ना सैल, ना घट्ट. तो ढीग मी फुलपाखरू निघेपर्यंत हलवला नाही, लागणारं लाकूड बाजारातून आणलं. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो, थंडीत थोडा जास्त.

लाइमबद्दल एक सांगायला हवं. लिंबू-संत्र्याची रोपवाटिका ज्यांची आहे त्यांच्यासाठी ही अळी खरी कीड आहे. लहान रोपं ती बोडकी करते. ही जात आशियाबाहेरही पसरली आहे, २००४ साली कॅरिबियनमधल्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये ती पहिल्यांदा सापडली आणि तिथले बागाईतदार काळजीत पडले. तेव्हा माझ्या परड्यातलं प्रेम मी कुणाच्या पोटावर लादणार नाही. पण दारातल्या मोठ्या लिंबाला दहा-बारा अळ्यांनी काही होत नाही, आणि अशा झाडावरही औषध मारलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मॉरमॉनची मादी ओळखायला मात्र कसब लागतं. तिची तीन रूपं असतात. एक नरासारखं, काळं आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या पट्ट्याचं. दुसरं कॉमन रोझसारखं, तिसरं क्रिमझन रोझसारखं. रोझ फुलपाखरं विषारी असतात, पाखरं त्यांना तोंड लावत नाहीत, म्हणून मॉरमॉनच्या मादीनं त्यांचं सोंग घेतलंय. ओळखायची खूण अंगावर आहे. खऱ्या रोझचं अंग लाल असतं, मॉरमॉनचं काळं. आणि कढीपत्त्यावर पोट वाकवून बसलेली दिसली तर ती मॉरमॉनच, कारण रोझच्या अळीला कढीपत्ता चालतच नाही.

रोझच्या अळीला लागते ईश्वरी, म्हणजे सापसंद. ही वेल आमच्या परड्यातली सगळ्यात मानाची. कानडीत तिला ईश्वरी बळ्ळी म्हणतात, आणि जडीबुटीवाल्यांकडे त्याच नावानं मागितली तर पटकन कळतं. जंगलातून उपटून आणू नये. तिथल्या वेलीवर आधीच कुणाची तरी अंडी असतात. वेलीला फळं धरली की ती सुकून उघडतात आणि उलट्या छत्रीसारखी लटकतात, आत चपट्या पापुद्र्याच्या बिया. त्या बियांवरून रोपं करता येतात, जरा धीर धरावा लागतो इतकंच. या पानांत ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं. अळ्या ते अंगात साठवतात आणि त्या विषावरच फुलपाखरू पुढं निर्धास्त, संथ उडतं. माणसाच्या मूत्रपिंडाला तेच विष घातक आहे. म्हणून सापाच्या विषावर, पोटदुखीवर म्हणून जुन्या माणसांनी तिचं मूळ उगाळून द्यायला सांगितलं तर देऊ नका. वेल अळ्यांसाठी राहू द्या.

नर्सरीत याच कुळातली एक शोभेची परदेशी वेल मिळते, मोठ्या, ठिपकेदार, तांबूस फुलांची. दिसायला छान, म्हणून लोक लावतात. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग नावाच्या फुलपाखराचं तिनं फार नुकसान केलं. मादी त्या वेलीलाच आपली समजून अंडी घालायची आणि अळ्या पानं खाऊन मरायच्या. तिथल्या लोकांनी गावोगाव ती वेल उपटून देशी वेल लावायची मोहीम चालवली. मी ती शोभेची वेल परड्यात येऊ देणार नाही.

रुईचं वेगळंच. रुई आमच्याकडे मुद्दाम कुणी लावत नाही, ती पडक्या जागेत, रस्त्याकडेला आपोआप येते, पण शनिवार आला की सगळ्यांना हवी असते. मारुतीच्या माळेसाठी. आमच्या गल्लीतले आप्पा दर शनिवारी सकाळी पानं न्यायला येतात. पहिल्यापासून ठरलेलं आहे की पानं मी काढून द्यायची. मी प्रत्येक पान उलटं करून बघतो. प्लेन टायगर फुलपाखराचं अंडं असेल तर ते पान झाडावरच राहतं. आता आप्पाच म्हणतात, "ते राहू दे, त्यावर काहीतरी पांढरं दिसतंय." मारुतीला अकरा पानं मिळतात आणि अळीला तिचं एक.

रुईवरची अळी लपत नाही. पांढरे, काळे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या दोऱ्यांच्या तीन जोड्या. मला खाल तर पस्तावाल, असं ती उघड सांगत असते, कारण रुईचं विष तिच्याही अंगात असतं. पण रुईचा चीक तिलाही त्रासदायकच, त्यात तोंड चिकटून जाऊ शकतं. म्हणून ती आधी पानाची शीर कुरतडते, चीक गळू देते आणि मग पुढचं पान खाते. हे बघत उभं राहिलं तर कामाला उशीर होतो. चिकाबद्दल एक सांगतो. तो डोळ्यात गेला तर बुब्बुळाला इजा होते. पानं तोडल्यावर हात साबणानं धुवा, पोरांना एकटं रुईपाशी सोडू नका. कुंडीत लावायची तर रुईपेक्षा हळदी-कुंकू बरं, त्याच्यावरही प्लेन टायगर येते आणि फुलांवर बाकीचीही येतात. त्याचाही चीक तसाच जपायचा.

कण्हेर सगळ्यांच्याच दारात असते, पूजेला फुलं लागतात. तिच्यावर कॉमन क्रो येते आणि तिचा कोष सोन्याचं पाणी चढवल्यासारखा चकाकतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या मुलीनं तो मला हात धरून नेऊन दाखवला होता.

शेजारच्या अक्का कानडी. त्यांचं परडं आमच्यापेक्षा मोठं आणि अगदी स्वच्छ. सुरुवातीला भिंतीवरून काळजीनं सांगायच्या, "अण्णा, निम्म गिडक्क हुळ बिद्दाव री." तुमच्या झाडाला किडे पडलेत, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. त्यांची खरी भीती खाजेची होती. आमच्या भागात शेवग्यावर केसाळ सुरवंटांचे थरच्या थर बसतात, खोडाला हात लागला तरी अंगावर गांधी उठतात, लहानपणी सगळ्यांनीच ते सोसलेलं आहे. पण ते सुरवंट पतंगाचे. खाज आणणारी केसाळ सुरवंटं बहुतेक पतंगांचीच असतात. कढीपत्त्यावरची, रुईवरची, कण्हेरीवरची अळी हातावर घेतली तरी काही होत नाही. मी अक्कांना हे तोंडी सांगत बसलो नाही. माझ्या हातावर लाइमची हिरवी अळी चालत असताना त्यांना बोलावलं. मग त्यांच्या नातवानं हातावर घेतली. त्यानंतर हळूहळू अक्कांच्याही बेलावर अळ्या राहू लागल्या. सोमवारी बेलाची पानं तोडताना अक्का आता चष्मा लावतात.

परड्यातलं तण हा आमच्या घरातला दुसरा वादाचा विषय होता, आणि तो अजून पूर्ण मिटलेला नाही. पाहुणे आले की परडं झाडून-खुरपून लख्ख असावं असं आईला वाटतं. पण कुंडीत आपोआप उगवणारी आंबुशी ही त्या टिचभर निळ्या फुलपाखराची, पेल ग्रास ब्लूची, खाद्यवनस्पती आहे. घोळ ही डॅनेड एगफ्लायची. तिची मादी हुबेहूब प्लेन टायगरचं सोंग घेते, म्हणून घोळीवर प्लेन टायगर कशी काय बसली असं कुणी म्हटलं तर नीट बघावं. चिकण्यावर लेमन पॅन्सी येते, कोरांटीवरही येते. टाकळ्यावर पिवळी ग्रास यलो. टाकळ्याचं तर आमचं जमलंय. पहिल्या पावसात कोवळा असताना आई भाजीला काढते, उरलेला मी वाढू देतो. घोळीची भाजीही अशीच अर्धी. आईला मी एवढंच म्हणालो की पुढचं अंगण तुझं, मागच्या भिंतीपासून चार फूट माझं. त्या चार फुटांत खुरपं जात नाही.

पानफुटीची कुंडी तर प्रत्येकानं ठेवावी. तिचं जाड पान मधूनच पारदर्शक व्हायला लागतं तेव्हा लोकांना वाटतं पाणी जास्त झालं, पान सडलं. उजेडाकडे धरून बघा. पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये रेड पिएरोची अळी खात खात पुढं सरकत असते. पाऊस, पाखरं, ऊन, कशाचाच तिला त्रास नाही. कोषाच्या वेळी तेवढी बाहेर येते. आणि अशोक, तो उंच, सरळ वाढणारा, बंगल्यांच्या कंपाउंडला रांगेनं लावलेला. त्याच्यावर टेल्ड जे येते. सीताफळावर, सोनचाफ्यावरही येते. तेव्हा ज्यांच्याकडे परडं नाही, कॉलनीतला अशोक आहे, त्यांनीही खालच्या फांद्यांची कोवळी पानं उलटून बघायला हरकत नाही.

सासुरवाडी खानापूर तालुक्यात. मेहुण्याच्या मळ्यात जुने आंबे आहेत आणि त्यांवर बांडगूळ. बांडगूळ झाडाचं अन्नपाणी शोषतं, फांदी वाळते, म्हणून ते काढलंच पाहिजे, शेतकऱ्याला याबाबत दुसरं काही सांगायचं नाही. पण कॉमन जेझेबेल, पंखांच्या खालच्या बाजूला पिवळी आणि कडेला लाल ठिपक्यांची, तिच्या अळ्या बांडगुळावरच जगतात, एका पानावर घोळक्यानं. मेहुण्याला म्हटलं, जो आंबा आता फळच देत नाही, त्याच्यावरचं तेवढं राहू दे. तो राहू देतो. दरवेळी गेलो की आधी त्या झाडाखाली जातो, मग घरात.

आता राखणीबद्दल. अळ्या सांभाळायला लागलं की पहिल्या काही दिवसांत सगळ्यांच्या मनात येतं की एकही मरता कामा नये. गांधीलमाशी आली, अळी उचलून चावून गोळा करून घेऊन गेली. शिंपी पक्ष्यानं सकाळी दोन नेल्या. एखाद्या अळीच्या अंगावर बारीक पांढरे कोष दिसले, म्हणजे बारीक परजीवी गांधिलीनं आत अंडी घातली होती. चांगला दिसणारा कोष काळा पडला आणि त्याला टाचणीएवढं भोक, म्हणजे त्यातून बारीक गांधील निघून गेली. हे रोजचंच आहे. मादी इतकी अंडी घालते त्याचं कारणच हे. शिंप्याच्या पिलांना याच अळ्या लागतात, आणि शिंप्याचं घरटं आमच्याच जास्वंदीच्या पानांत शिवलेलं आहे. त्याला मी हाकलणार कसा?

म्हणून माझं मत पक्कं झालंय की अळीची राखण माणसाच्या हातापासून करायची, पाखरांपासून आणि गांधीलमाश्यांपासून नाही. कात्री, खुरपं, झाडू, फवारा, एवढे चार आवरले की परड्याचं बाकीचं गणित परडं सोडवतं. कोष रस्त्यात झाला असेल, दाराच्या चौकटीत चिरडण्यासारखा असेल, तर काडीसकट हलवतो. बाकी ढवळाढवळ करत नाही.

पोरांना दाखवायला म्हणून एखाददुसरी अळी घरात वाढवतो, तेव्हा मात्र नीट वाढवतो. हवाबंद डबा घ्यायचा नाही. मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी शिवून घेतली आहे, आत बाटलीत पाणी घालून डहाळी उभी करायची आणि बाटलीचं तोंड कापसानं बंद करायचं, नाहीतर अळी उतरून पाण्यात बुडते. खालच्या लेंड्या रोज झटकायच्या. ओल आणि घाण साचली की विषाणूचा रोग येतो. अळी लुळी पडते, डोकं खाली करून लोंबकळते, काळी होऊन आतून पाणी सुटतं. अशी एक दिसली की ती लगेच वेगळी करायची, पिशवी ब्लीचच्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायची. खूप अळ्या एकत्र ठेवू नयेत. अळी उचलायची झाली तर ओढायची नाही, पायांनी पकडलेलं असतं, तुटतं. पान कापून पानासकट न्यायची. आणि ती खाणं सोडून एका जागी निश्चल बसली असेल तर हात लावायचा नाही, ती कात टाकायच्या तयारीत असते.

मंडईतला कढीपत्ता अळ्यांना घालू नका. धुतला तरी नाही. त्यावर काय मारलंय ते कळत नाही, आणि काही औषधं पानाच्या आतच मुरलेली असतात. तीच गोष्ट नर्सरीतून आणलेल्या रोपांची. आणल्याआणल्या ते अंडी घालण्याजोगं समजू नये. जुनी पानं जाऊन नवी येईपर्यंत जाळीखाली ठेवावं. कडुनिंबाचं तेल तर नैसर्गिक म्हणून लोक निर्धास्तपणे मारतात. निंबातलं ॲझाडिरॅक्टिन अळीचं कात टाकणंच बिघडवतं, अळी अर्ध्या कातीत अडकून मरते. बीटी नावानं जे जैविक औषध मिळतं ते तर अळ्यांसाठीच बनवलेलं आहे. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तर मी साध्या पाण्याच्या धारेनं धुतो, हातानं पुसतो, फारच झालं तर ती फांदी कापून टाकतो. डेंगीच्या दिवसांत गल्लीतून धुराची गाडी जाते. ती जायलाच हवी, माणसांचा जीव आहे. त्या संध्याकाळी ज्या कुंड्यांवर अळ्या आहेत त्या उचलून आतल्या खोलीत ठेवतो आणि दार-खिडक्या लावून घेतो. जमिनीतली झाडं मात्र उचलता येत नाहीत.

घाणेरीवर फुलपाखरं खूप येतात म्हणून ती लावा असं सांगणारे आहेत. लावू नका. तिनं खानापूरच्या बाजूची रानं किती व्यापली आहेत ते जांबोटीच्या रस्त्यानं जाताना बघा. तिच्याखाली देशी झुडपं उगवत नाहीत, म्हणजे अळ्यांची पानंच नाहीशी होतात. मधासाठी एक्झोरा, पेंटास, कोरांटी भरपूर झालं. आणि जागा असेल तर खुळखुळा. पाऊस सरता सरता खुळखुळ्याच्या सुकल्या शेंगांना, खोडांना ब्लू टायगर, क्रो यांचे नर लगडलेले असतात. मादीला आकर्षून घेणारा गंध तयार करायला लागणारी रसायनं ते तिथून शोषतात. पावसाच्या तोंडावर ही फुलपाखरं सह्याद्रीतून पूर्वेकडे जातात आणि पावसाळ्यानंतर परत येतात. बेळगाव त्यांच्या वाटेवरच आहे. मे महिन्याच्या अखेरीस, वळीव पडून गेल्यावर, ती गच्चीवरून एकामागून एक जाताना दिसतात.

कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमापाशी, मी सदर्न बर्डविंग पाहिली. पंखांचा विस्तार १९० मिलिमीटरपर्यंत जातो हे वाचलं होतं, आणि रोज मिलिमीटरमध्ये काम करणाऱ्या माझ्या हातांना तो आकडा माहीत होता, तरीही ती डोक्यावरून गेली तेव्हा मी पाखरू समजलो. कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू ते. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉन निवडलं, ते तर पावसाळ्यात अनगोळपर्यंत येतं आणि आमच्या लिंबाभोवती घिरट्या घालून जातं. भीमगडच्या रानात दोन्ही आहेत. बर्डविंगची अळी ईश्वरीच्याच कुळातली पानं खाते. आमच्या परड्यातल्या वेलीवर ती कधी येईल असं मला वाटत नाही, तिला ओलं, दाट रान लागतं. ते रान शाबूत राहिलं तरच ती राहील.

यंदा हिरणदोडीची वेल लावतोय, ब्लू टायगरसाठी. तिच्यासाठी उरलेल्या सागवानाच्या पट्ट्यांचा मांडव करून ठेवलाय, भिंतीला लागून, सकाळचं ऊन लागेल असा. वेल जोमानं वाढते, त्यामुळे खांब जाड घेतलेत. अक्का म्हणाल्या, भिंतीवरून वेल त्यांच्या बाजूला आली तरी चालेल, त्या तोडणार नाहीत.